लढाईतल्या आजोबांची तिथी

आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त वाढलं जातं. बाकीची पानं मांडून झाली की बाबा शेवटी एक पान मांडतात आणि एवढंच म्हणतात, "लढाईतल्या आजोबांचं." हे बाबांच्या आजोबांचे धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले, ते आलेच नाहीत. कधी गेले, कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हतं. तिथी नाही म्हणून अमावास्या.

६ ऑक्टोबर २०२१ च्या सर्वपित्रीला बाबा ८३ वर्षांचे होते. पान वाढून झालं आणि ते मला म्हणाले, "माझ्यामागे हे पान तुम्ही मांडाल की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हा माणूस गेला कधी, तेवढं मला कळू दे." त्या एका वाक्यापायी पुढची सव्वादोन वर्षं गेली. अशी पानं वाढणारी घरं कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे पुष्कळ असणार. त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. आजोबांचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

हाती काय होतं? एक नाव आणि एक थाळी. नाव म्हणजे त्यांचं स्वतःचं. त्यांच्या वडिलांचं नाव घरात कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. थाळी आमच्या गावच्या देवघरात होती. काशाची म्हणायचे, ती निघाली ब्राँझची, साधारण १२ सेंटिमीटर रुंद. तिच्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. घरात सगळे तिला देवीच समजत. धाकली आजी, म्हणजे या आजोबांची बायको, रोज तिला हळदकुंकू वाहायची. बाबांनी तिला पाहिलेली आहे. सरकारी कागद आला होता, पेन्शनही सुरू झाली होती, तरी तिने कुंकू पुसलं नाही. "मढं बघितल्याबिगर पुसायची नाय," म्हणायची. १९६१ साली गेली, ती कपाळावरच्या कुंकवासकट.

दिवाळीत गावी गेले तेव्हा थाळीचे फोटो काढले आणि घरी येऊन ताडून पाहिले. देवी नव्हती ती. ब्रिटिश सरकारने पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी धाडलेली ती स्मृतिथाळी, वरची बाई म्हणजे ब्रिटानिया. कडेने इंग्रजीत 'स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला' अशा अर्थाची ओळ असते आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत त्या माणसाचं नाव. हुद्दा लिहीत नाहीत, सगळे सारखे. आमच्या थाळीवरचं नाव मात्र जवळजवळ गेलं होतं. शंभर वर्षं चिंच आणि राखेने घासली होती ना! तुमच्याकडे अशी थाळी असेल तर कृपा करून घासू नका. अक्षरं पुसट असतील तर वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. डोळ्यांना दिसत नाहीत ती अक्षरं कागदावर उमटतात. आमची पहिली चार आणि शेवटची तीन उमटली. कागदावर नावाचा तुकडा वर आला तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या) संकेतस्थळावर शोध सुरू केला. दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी तिथे आहेत, शोधायला पैसे पडत नाहीत, नोंदीचं प्रमाणपत्रही घरच्या घरी छापता येतं. पहिले दहा दिवस मी चुकीच्या पद्धतीने शोधत होते, म्हणजे आडनाव टाकून. आपल्या शिपायांची नावं पलटणीच्या कारकुनांनी कानाला आली तशी इंग्रजीत उतरवली. कुणाचं आडनावच नाही, कुणाचं नाव आडनावाच्या रकान्यात, 'राव' आणि 'जी' कुठे जोडलेले, कुठे तोडलेले. तेव्हा नावाचा रकाना कोरा सोडा. पहिलं महायुद्ध, भारतीय सैन्य आणि पलटण एवढंच निवडा. जी यादी येते ती एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. मग ती सरळ वाचायची, ओळीने, एकेक नाव.

पलटण कोणती ते माहीत नसेल तर? मलाही नव्हतं. तेव्हा मराठ्यांच्या पलटणी अनेक होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. बसऱ्याकडे, म्हणजे मेसोपोटेमियात, यांतल्या बऱ्याच लढल्या. रोज शाळेतून आल्यावर चहा घेऊन मी एक यादी उघडायची. 'अमुकचा मुलगा, राहणार अमुक, जिल्हा रत्नागिरी, मुंबई इलाखा' अशा ओळी. खेड, दापोली, महाड, मालवण, सावंतवाडी. एकामागून एक. आपल्या माणसाला शोधायला बसले होते, पण डोळ्यांखालून इतर किती गावं गेली! काही रात्री यादी मिटवून नुसती बसून राहायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाव सापडलं. आणि दोन दिवसांनी तेच नाव पुन्हा सापडलं. एक शिपाई ११० व्या मराठा पलटणीत, मृत्यू १३ ऑगस्ट १९१६. दुसरा ११७ व्या पलटणीत, तारीख नोव्हेंबर १९१५ ची. पहिल्याच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि आमच्या गावाच्या नावासारखं काहीतरी, दुसऱ्याच्या नोंदीत नुसता जिल्हा. बाबांना लगेच फोन करावासा वाटला, पण केला नाही. चुकीच्या माणसाचं श्राद्ध होऊ नये.

आता आजोबांच्या वडिलांचं नाव सिद्ध करणं आलं. जानेवारी २०२२ मध्ये तालुक्याला जुन्या फेरफार नोंदींच्या आणि कोतवाल बुकाच्या नकलांसाठी अर्ज केला. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू असतात. परमुलखात मेलेल्याची नोंद तिथे मिळत नाही, पण भावंडांच्या जन्मनोंदीत बापाचं नाव मिळू शकतं. डोंबिवलीहून तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला 'इतकं जुनं मिळणार नाही' असं उत्तर. दुसऱ्या खेपेला अर्जात साल नाही म्हणून परत. हे मात्र माझंच चुकलं. 'शंभर वर्षांपूर्वीचं' असं मोघम लिहू नका. गट किंवा सर्व्हे नंबर आणि पाच-सहा वर्षांचा टप्पा लिहा, म्हणजे दप्तर काढणाऱ्याला कुठलं बासन सोडायचं ते कळतं. तिसऱ्या खेपेला, जूनमध्ये, निवृत्तीला आलेल्या एका कारकूनभाऊंनी स्वतः धूळ झटकत बासनं सोडली. नकलांचे आणि स्टॅम्पचे मिळून २४० रुपये लागले, प्रवासाचे अर्थात कितीतरी जास्त.

नोंद मोडीत होती. पुण्यातल्या एका मोडी जाणकार बाईंकडे फोटो पाठवले, त्यांनी तीन पानांचे ९०० रुपये घेतले. ऑगस्टमध्ये त्यांचं लिप्यंतर आलं. १९२३ ची वारसनोंद. त्यात आजोबांचं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे 'बसऱ्याचे लढाईत मयत, वारस बायको'. वडिलांचं नाव ११० व्या पलटणीच्या नोंदीशी जुळलं. इंग्रजी स्पेलिंग चमत्कारिक होतं, पण मोठ्याने वाचलं की तेच नाव.

तेव्हा बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तारीख पुन्हा सांग." सांगितली. म्हणाले, "पुन्हा सांग."

तारखेपाठोपाठ दुसरा प्रश्न आला: त्या तारखेला ते होते कुठे? नोंदीत ठिकाण नाही. मग पलटण कुठे होती ते वाचायला लागले. ११० वी पलटण सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होती. ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला मोठी लढाई झाली, तिथून माघार घेऊन ती नदीच्या वळणातल्या कुट-अल-अमारा या गावात शिरली. ७ डिसेंबरपासून तुर्की फौजेचा पुरता वेढा पडला. तो फुटला नाही. सोडवायला आलेल्या फौजेने मोठी हानी सोसली, तरी ती कुटपर्यंत पोहोचू शकली नाही. एप्रिलमध्ये विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. अखेर २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी. १०३, ११० आणि ११७ या आपल्या तिन्ही पलटणी त्या वेढ्यात होत्या.

हे मी बाबांना रोज थोडं थोडं वाचून दाखवायची. वेढ्यात अन्न संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. आपल्या शिपायांनी धर्मासाठी ते मांस कितीतरी दिवस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मपुढाऱ्यांची परवानगी तारेने मागवली, तरीही पुष्कळांनी नाकारलं. एप्रिलमध्ये मात्र बरेचजण खायला लागले. दरम्यान हिरड्यांतून रक्त येणाऱ्या स्कर्व्हीने माणसं खचली. रानातला पाला उकडून खात होते. इथे बाबांनी मला थांबवलं. "त्यांनी खाल्लं असेल का गं ते मांस?" मी म्हटलं, माहीत नाही बाबा. ते म्हणाले, "खाल्लेलं असू दे. पोटात काहीतरी गेलेलं असू दे."

शंभर वर्षं आम्ही ज्याला पान वाढत आलो तो उपाशी होता, हे तोवर घरात कुणाला माहीत नव्हतं.

कैद्यांना पुढे बगदाद, समारा आणि तिथून टिक्रित, मोसुलच्या वाटेने उन्हाळ्यात चालवत नेलं. हिंदुस्थानी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनला, आजच्या सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेवर, रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमचे आजोबा वाटेत गेले, की तिथे, की आणखी कुठे, हे सांगणारा कागद मला मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन मोफत ठेवली आहेत, ती तुम्ही जरूर पाहा. आमच्या हाती तिथे काही लागलं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल'ही पाहा, नाव नोंदवलं की फायली वाचता येतात. तिथे एकेका शिपायापेक्षा पलटणीची हकिगत मिळण्याची शक्यता जास्त. पंजाबच्या गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या, त्यांतल्या सुमारे तीन लाख वीस हजार नोंदींपैकी तीन जिल्ह्यांतल्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास नोंदी २०२१ मध्ये लोकांसाठी खुल्या झाल्या. आपल्या जिल्ह्यांसाठी असं काही झालं तर किती घरांचा शोध एका संध्याकाळीत संपेल!

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी आणि माझा भाऊ बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात गेलो. दीड महिना आधी पत्र लिहून परवानगी मागितली होती. पत्रात पलटण, शिपाई क्रमांक आणि तारीख असली तर समोरच्याला मदत करणं सोपं जातं, आधारकार्डाची प्रत जोडावी. तिथे कळलं की आमची ११० वी पुढे १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. माणगाव तालुक्यातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. १० जुलै १९४४ ला ते इटलीत पडले, आणि त्यांचीही समाधी कुठे सापडलेली नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. ज्याच्या शौर्याचा एवढा मान झाला त्याचीही जागा माहीत नाही, हे ऐकून भाऊ मला हळूच म्हणाला, "मग आपल्या आजोबांची कशी सापडणार?"

आता नाव कुठे कोरलेलं आहे, याविषयी. लोक मला सांगायचे, इंडिया गेटवर असेल, खडकीला असेल. बसऱ्याकडे गेलेल्यांची नावं तिथे शोधू नका. इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धातल्यांची. खडकीचं स्मारक हिंदुस्थानातच मृत्यू पावलेल्यांचं. मेसोपोटेमियात ज्यांची समाधी नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसरा स्मारक आहे. ते १९२९ मध्ये शत-अल-अरबच्या काठी उभं राहिलं, १९९७ मध्ये तिथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत नेलं. आणि त्या दगडावरही आमच्या आजोबांचं नाव नाही. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. एवढे इतर शिपाई. नावं कागदावरच्या यादीत राहिली. आयोगाच्याच समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून ही असमानता कबूल केली: ४५ ते ५४ हजार जणांचं स्मरण बरोबरीने झालं नाही, आणि किमान १ लाख १६ हजार जणांचं नावानिशी, किंवा कदाचित अजिबातच झालं नाही. मी हे वाचलं तेव्हा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

इराकला जाणं आमच्याच्याने होणार नव्हतं. आपल्या गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीत मात्र एक संगमरवरी पाटी आहे. लहानपणापासून पाहिलेली. 'या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास माणसे गेली', पुढे आकडा, आणि खाली 'पैकी मयत ४'. इथेही आकडाच. आमचं माणूस त्या चारात होतं, एवढं आता आम्हाला कळलं होतं. भाऊ म्हणाला, नावं आपण लावू.

त्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज केला. सोबत आयोगाच्या नोंदीची छापील प्रत, फेरफाराची नक्कल आणि मोडीचं लिप्यंतर. बाकी तिघांना शोधायला वाडीवाडीतून फिरलो. माझ्याकडे याद्या होत्याच. गावाच्या नावाची जितकी म्हणून इंग्रजी रूपं सुचली ती सगळी घालून पुन्हा वाचल्या. आणखी दोघं सापडले, दोघांची घरं गावातच आहेत. एका घरी तर म्हातारीने नाव ऐकताच दारातूनच सुनेला हाक मारली, "अगो, आपल्या बुवांचा नाव काडलानी त्यांनी!" चौथा सापडला नाही. १५ ऑगस्ट २०२३ च्या ग्रामसभेत ठराव झाला. काहींचं म्हणणं होतं की चारही नावं मिळेपर्यंत थांबावं. सरपंचबाई म्हणाल्या, शंभर वर्षं थांबलोच आहोत.

त्याआधीच आमच्या गुरुजींना तारीख दाखवली होती. त्यांनी जुन्या पंचांगावरून तिथी काढली: शके १८३८, श्रावण शुद्ध पौर्णिमा. नारळी पौर्णिमा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. त्या दिवशी आमच्याकडे दरवर्षी नारळीभात होतो. १९१६ सालीही झाला असेल. धाकल्या आजीनेच केला असेल.

नोंदीतली तारीख तंतोतंत खरी असेलच असं नाही, हे मी गुरुजींना सांगितलं. त्या धामधुमीत कुणी मोजलं असेल, कुणी मागाहून लिहिलं असेल. ते म्हणाले, काहीच माहीत नव्हतं तेव्हा अमावास्या धरलीत, आता कागद आहे तर कागद धरा. पौर्णिमेला गेलेल्यांचं पितृपक्षातलं श्राद्ध अमावास्येला चालतं, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे सर्वपित्रीचं पान आहे तिथेच राहिलं, फक्त वर्षाचा एक दिवस वाढला.

३० ऑगस्ट २०२३ ला बाबांनी पहिल्यांदा त्यांच्या तिथीला पान मांडलं. संकल्पात गुरुजींनी नाव विचारलं आणि बाबांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. 'लढाईतले आजोबा' म्हणाले नाहीत. भात जरा जास्तच वाढला होता, पानाबाहेर सांडत होता. आईने सारखा करायला हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे."

पाटी काळ्या दगडाची केली, कोरणावळ आणि बसवणूक धरून ११,५०० रुपये, तीन घरांनी वाटून घेतले. २६ जानेवारी २०२४ ला झेंडावंदनानंतर जुन्या पाटीखाली ती बसवली. तीन नावं, पलटणी, तारखा. चौथी ओळ कोरी ठेवली आहे. बाबांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. कार्यक्रम उरकून लोक पांगायला लागले तेव्हा वरच्या वाडीतली एक बाई माझ्याजवळ आली. पदराखाली काहीतरी झाकून आणलं होतं. म्हणाली, "ताई, आमच्या देव्हाऱ्यात पण अशीच एक देवी हाय. सिंववाली. बघता काय?" थाळी आमच्यासारखीच घासून घासून गुळगुळीत झालेली. चौकटीतलं नाव दिसत नव्हतं.

शाळेच्या ओट्यावर बसून मी पिशवीतून पातळ कागद आणि पेन्सिल काढली.